मुरलेलं तंत्रज्ञान आणि खिशातला खेळ

इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्हिडिओ गेम कुठून आला, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. तो रास्त आहे. पण आज आपण बोलणार आहोत ते खेळांविषयी कमी आणि सुट्या भागांविषयी जास्त. जगभर कितीतरी लोक हातात धरून खेळायचं जुन्या पद्धतीचं गेमयंत्र घरच्या घरी बनवतात. त्याला सगळे ‘हँडहेल्ड’च म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू. असं यंत्र कुठल्या कारखान्यातून येत नाही. ते जमवावं लागतं.

जमवायचं म्हणजे काय, ते आधी बघू. स्क्रीन साडेतीन इंची. तो मुळात गाडी मागे घेताना ड्रायव्हरला मागचं दिसावं म्हणून बनवलेला. बॅटरी एक तर मोबाईलची, नाहीतर जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल, ज्याला ‘१८६५०’ म्हणतात. चार्जिंगचा बोर्ड पॉवर बँकवाल्यांचा. बटणांखालचे रबर पॅड मोडक्या कंट्रोलरचे. स्पीकर फोनचा. आणि या सगळ्यांना चालवणारा छोटा संगणक शाळकरी मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी काढलेला. यातली एकही वस्तू हँडहेल्डसाठी जन्मलेली नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी तसा हा प्रकार आहे.

कोणालाही वाटेल की हा हौशी लोकांचा नाइलाज आहे; कंपन्या आपले भाग स्वतः घडवून घेतात, या बिचाऱ्यांना दुसऱ्यांचं उरलंसुरलं वापरावं लागतं. आम्हाला आज जे मांडायचं आहे ते नेमकं याच्या उलट आहे. हँडहेल्ड ही वस्तूच मुळात दुसऱ्या धंद्यांच्या उरलेल्या मालातून जन्मली. घरी बनवणारा माणूस, त्याला माहीत असो वा नसो, त्या वस्तूच्या मूळ रीतीनेच चालला आहे.

सुरुवात कॅल्क्युलेटरपासून करावी लागते. १९७० च्या दशकात कॅल्क्युलेटरचे भाव कोसळत गेले आणि त्यांच्या चिप स्वस्त झाल्या. अमेरिकेत मॅटेल या खेळणी बनवणाऱ्या कंपनीतल्या जॉर्ज क्लोज यांना सुचलं, की हीच चिप आकडे दाखवण्याऐवजी खेळ दाखवू शकेल. रॉकवेल कंपनीच्या कॅल्क्युलेटर चिपवर मार्क लेसर यांनी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लिहिला, आणि तो बसवला जेमतेम ५१२ बाइटमध्ये! आज आपण फोनवर जो मेसेज पाठवतो, तो कधी कधी याहून मोठा असतो. गाड्या म्हणजे लाल दिव्यांच्या बारीक रेघा, आणि वीज ९ व्होल्टच्या बॅटरीची. १९७६-७७ च्या सुमारास आलेला हा ‘ऑटो रेस’ पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असलेला पहिला हँडहेल्ड खेळ मानला जातो. त्यानंतर १९७९ मध्ये मिल्टन ब्रॅडलीचं ‘मायक्रोव्हिजन’ आलं. कार्ट्रिज बदलून दुसरा खेळ लावता येईल असं ते पहिलं हँडहेल्ड. त्याचा स्क्रीन १६ बाय १६ ठिपक्यांचा होता. गंमत म्हणजे प्रोसेसर यंत्रात नव्हता, कार्ट्रिजमध्ये होता. त्याचे स्क्रीन पुढे काळवंडून निकामी होत गेले, त्यामुळे आज चालू अवस्थेतलं मायक्रोव्हिजन सापडणं कठीण. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला ती पुढे लागणार आहे.

आता आपण जपानात जाऊ. इथे थोडं थांबावं लागेल, कारण या कथेतला मुख्य माणूस इथला आहे.

गुनपेई योकोई १९६५ साली क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीत लागले. तेव्हा ही कंपनी पत्ते छापायची. ‘हानाफुदा’ नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते. योकोईंचं काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. म्हणजे आपल्या भाषेत कारखान्यातला मेंटेनन्सवाला. फावल्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी लांब होणारा, दूरची वस्तू पकडणारा एक हात बनवला. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला आणि १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ म्हणून बाजारात आला. त्याचे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले. दुरुस्तीवाल्याचा हात खेळण्यांकडे वळला तो असा.

पुढची गोष्ट योकोई स्वतः सांगत असत. शिंकानसेन गाडीत एक कंटाळलेला नोकरदार माणूस हातातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला. त्यांच्या मनात आलं, मोठ्या माणसालाही वेळ घालवायला काहीतरी हवं, पण चारचौघांत दिसू नये असं. त्या काळात शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरवरून घमासान लढाई झाली होती. छोटे एलसीडी पडदे आणि चार-बिटी चिप मुबलक आणि स्वस्त झाल्या होत्या. शार्पकडे बनवण्याची क्षमता होती, योकोईंकडे कल्पना. १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ मालिकेतला पहिला खेळ आला. एकाच यंत्रात खेळ आणि घड्याळ, आत घड्याळाचेच बटण सेल. ही मालिका एकूण ४ कोटी ३४ लाख नगांपर्यंत गेली. १९८२ च्या ‘डाँकी काँग’मध्ये योकोईंनी अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं बटण बसवलं. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक कंट्रोलरवर ते किंवा त्याची नक्कल असते, आणि घरी बनवणाऱ्याला सर्वांत जास्त छळतो तोही हाच भाग. त्याकडे येऊच.

योकोईंचा एक सिद्धान्त होता. त्याचं इंग्रजीत भाषांतर करताना ‘कोमेजलेलं तंत्रज्ञान’ असा शब्द वापरतात. जपानी ‘कारेता’ या शब्दात वाळलेलं, सुकलेलं हा अर्थ आहेच, पण पिकून परिपक्व झालेलं हीसुद्धा छटा आहे. आम्हाला विचाराल तर मराठीत याला ‘मुरलेलं’ म्हणावं. लोणचं मुरतं तसं. जे तंत्रज्ञान नवं राहिलेलं नाही, ज्याचे गुणदोष सगळ्यांना कळून चुकले आहेत, जे स्वस्त झालं आहे, ते घ्यायचं आणि ज्या कामासाठी ते बनलं नव्हतं त्या कामाला लावायचं.

१९८९ चा गेम बॉय या विचाराचं सगळ्यात मोठं उदाहरण. प्रोसेसर शार्पचा, ४.१९ मेगाहर्ट्झचा, त्या काळच्या मानानेही साधाच. स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट, चारच छटांचा, आणि मागे उजेडसुद्धा नाही. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला, पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’. दोघांचे पडदे रंगीत आणि उजळ. पण दोघांनाही सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत माना टाकत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चालायचा. पालकांच्या खिशाला कोणता परवडला असेल ते सांगायला नको. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग खपले. योकोई १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात किती घरांत खरा गेम बॉय होता? फार थोड्या. आपल्या पिढीच्या हातात आला तो ‘ब्रिक गेम’. वर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आत प्रत्यक्षात मोजकेच खेळ, आणि १० बाय २० चौकोनांच्या पडद्यावर पडणाऱ्या विटा. जत्रेतल्या स्टॉलपासून स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यापर्यंत सगळीकडे मिळायचा. त्यातला मूळ खेळ टेट्रिस. तो मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८० च्या दशकाच्या मध्याला रचला होता. म्हणजे रशियन कल्पना, कॅल्क्युलेटरच्या जातीचा पडदा आणि आपल्याकडचे रिमोटचे सेल. तोही मुरलेल्या मालाचाच पदार्थ.

आता घरी बनवण्याकडे वळू. सुरुवातीची रीत कापाकापीची होती. अमेरिकेतले बेन हेकेन्डॉर्न यांनी २००० साली १९७७ चं अटारी २६०० हे टीव्हीला जोडायचं यंत्र कापून हातात मावेल असं केलं, आणि २००५ मध्ये या विद्येवर पुस्तकही लिहिलं. पण ही रीत अवघड. मूळ सर्किट वाचता यायला हवं, नेमकं कुठे कापायचं ते कळायला हवं, आणि एक रेघ चुकली की यंत्र गेलं. शिवाय प्रत्येक नव्या यंत्रासाठी एका जुन्या यंत्राचा बळी.

ही अडचण दोन दिशांनी सुटली. पहिली, खोक्याची. प्लॅस्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवणाऱ्या छपाईचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्येच स्वतःचे भाग स्वतः छापू शकेल अशा प्रिंटरचा मुक्त प्रकल्प सुरू केला होता. या दोन्हींमुळे थ्रीडी प्रिंटर कारखान्यातून टेबलावर आला. आता खोकं कापण्याऐवजी छापता येऊ लागलं.

दुसरी, मेंदूची. ब्रिटनमध्ये एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चिंता होती, की केंब्रिजला संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी दोन्ही घसरत आहेत. मुलांच्या हातात मोडलं तरी चालेल असा स्वस्त संगणक द्यावा, म्हणून २०१२ च्या २९ फेब्रुवारीला ‘रास्पबेरी पाय’ आला, ३५ डॉलरला. त्यातली ब्रॉडकॉमची चिप मोबाईल उपकरणांत चित्र-ध्वनी हाताळण्यासाठीची. तीच चिप टीव्हीला लावायच्या एका स्ट्रीमिंग डबीतही होती. पुन्हा तेच! दुसऱ्या धंद्यात मुरलेला भाग नव्या कामाला. त्याच वर्षी जुन्या यंत्रांचं सोंग वठवणारे एम्युलेटर एकत्र बांधणारी ‘रेट्रोपाय’ ही प्रणालीही सुरू झाली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲडाफ्रूट कंपनीने ‘पायगर्ल’ नावाच्या हँडहेल्डची पूर्ण कृती खुली केली, म्हणजे छापायच्या खोक्याच्या फाइल, जोडणीचं चित्र, सगळं. आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘पाय झीरो’ आला. ६५ बाय ३० मिलिमीटर, किंमत पाच डॉलर. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर तो फुकट चिकटवून दिला होता. मासिकासोबत संगणक मोफत, विचार करा.

हा बोर्ड मूळ गेम बॉयच्या खोक्यात आरामात मावतो, हे हौशी लोकांच्या लगेच लक्षात आलं. २०१६ मध्ये एकाने तसा करून दाखवला: आत पाय झीरो, आणि मेमरी कार्ड बसवलेलं पोकळ कार्ट्रिज, जे मूळ खाचेतच सरकवायचं. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला आणि मग लोक भाग जमवायला लागले.

जमवताना काय काय आडवं येतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी विद्या तिथे आहे. स्क्रीन घ्या. स्वस्त छोटे पडदे एसपीआय नावाच्या वाटेने जोडतात, त्यात माहिती एकामागून एक बिट अशी जाते. ३२० बाय २४० ठिपके, दर ठिपक्याला १६ बिट, म्हणजे एका चित्राला १२ लाख २८ हजार ८०० बिट. ही वाट ३२ मेगाहर्ट्झने चालवली तर सेकंदाला जास्तीत जास्त २६ चित्रं. जुने खेळ मात्र सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने लिहिलेले. मग कोणी फक्त बदललेला भाग पाठवणारं सॉफ्टवेअर लिहिलं, कोणी गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा स्क्रीन घेतला, कारण त्याला टीव्हीसारखा साधा व्हिडिओ सिग्नल चालतो आणि तो पाय झीरोवर दोन टिकल्यांवर मिळतो. पण गाडीत १२ व्होल्ट असतात आणि आपल्याकडे ५. तेव्हा स्क्रीनच्या मागचा वीज उतरवणारा भाग ओळखून त्याला वळसा घालायचा.

वीज हा तर स्वतंत्र अध्याय आहे. लिथियम सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. तो चढवून ५ करावा लागतो आणि त्यात थोडी वीज वाया जाते. २००० मिलीअँपिअर-तासांचा सेल म्हणजे ७.४ वॉट-तास, चढवताना गेलेली वजा केली तर सव्वासहाच्या आसपास उरतात. बोर्ड, स्क्रीन आणि आवाज मिळून दोन वॉट खातात असं धरलं, तर तीन तास. बघा, १९८९ च्या गेम बॉयसारखं दिसणारं हे यंत्र बॅटरीच्या बाबतीत मात्र हरलेल्या गेम गिअरच्या पंक्तीला बसतं! आणि एक गोष्ट बजावून सांगतो. लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला सेल आवरण खरवडलेला, फुगलेला किंवा गंजलेला असेल तर तो वापरू नये. संरक्षण सर्किट नसलेला सेल कधीही जोडू नये. चार्जिंगचा जो निळा बोर्ड सगळीकडे मिळतो, त्याच्या काही प्रकारांत हे संरक्षण असतं, काहींत नसतं. विचारून घ्या. चार रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

बटणांचं म्हणाल तर मूळ गेम बॉयला ए आणि बी अशी दोनच. पुढच्या काळातले खेळ खेळायचे तर आणखी दोन समोर, दोन मागे. म्हणून खोक्याला भोकं पाडतात. दिशांच्या बटणाखाली मधोमध एक उंचवटा लागतो, ज्यावर ते डोलतं. तो अर्धा मिलिमीटर कमी पडला तरी डावं दाबताना वरचंही दाबलं जातं. योकोईंनी केवढी साधी गोष्ट केली असं वाटतं ना? ती स्वतः बनवून बघा. आवाजाचीही तीच कथा: पाय झीरोला हेडफोनची जागाच नाही, तेव्हा दोन पिनांवर आवाज काढून गाळणी लावून छोट्या ॲम्प्लिफायरला द्यायचा. शिवाय नुसतं बटण बंद केलं तर मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते, म्हणून नीट बंद करणारं वेगळं सर्किट.

हे सगळं मिळतं कुठे? मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. नावं पाठ नसली तरी अडत नाही. मोडका नमुना खिशात घालून न्या, दुकानदार बघून देतो. आमच्या मते ऑनलाइन मागवण्यात हे शिक्षण होत नाही. तिथे जे मागितलं तेच येतं. गल्लीत न मागितलेलंही दिसतं.

यात पैसे वाचतात का? नाही, अजिबात नाही. गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी असे तयार हँडहेल्ड इतके स्वस्त आणि सुबक केले आहेत, की सुटे भाग त्याहून महाग पडतात. त्यातच २०२१-२२ मध्ये जगभर चिपची टंचाई आली. रास्पबेरी पायचे बोर्ड दुकानांतून गायब झाले आणि काळ्या बाजारात दुपटी-तिपटीने जाऊ लागले. अनेकांचे अर्धवट हँडहेल्ड खोक्यात तसेच पडून राहिले. मुरलेल्या मालावर जगणाऱ्याची दोरी माल बनवणाऱ्याच्या हातात असते, हे तेव्हा कळलं.

खेळांचा प्रश्न याहून अवघड आहे. एम्युलेटर बनवणं हा गुन्हा नव्हे, असं सोनी आणि कनेक्टिक्स यांच्या खटल्यात अमेरिकन न्यायालयाने २००० मध्येच मान्य केलं. पण खेळाची फाइल कुठूनतरी उतरवून घेणं ही वेगळी गोष्ट. तिथे मालकाचा हक्क लागू होतो, आणि निन्टेन्डोने अशा संकेतस्थळांवर दावे लावलेले आहेत. दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत असं दिसलं. मग ते खेळायचे, अभ्यासायचे कसे? आमचं मत विचाराल तर ज्याचं कार्ट्रिज आपल्याकडे आहे त्याची प्रत स्वतः काढावी, आणि नव्याने हौसेने लिहिले जाणारे खेळ खेळावेत. गेम बॉयसाठी आजही लोक नवे खेळ लिहितात, त्यांतले कित्येक मोफत असतात.

शेवटी एक वाद, जो या हौशी मंडळींमध्ये अजून मिटलेला नाही. घरी बनवायचं तर खोकं मूळ गेम बॉयचं घ्यायचं का? बऱ्याच जणांनी चालू स्थितीतले गेम बॉय उघडून आतलं सगळं कचऱ्यात टाकलं. आमचा याला विरोध आहे. मायक्रोव्हिजनचं काय झालं ते आपण पाहिलं. नव्या प्लॅस्टिकची हुबेहूब खोकी आता मिळतात, ती घ्यावीत. आणि जुन्या बाजारात उभ्या रेघा गेलेला गेम बॉय दिसला तर तो मेला असं समजू नका. कंपनीने मागे तीन पाकळ्यांचे स्क्रू लावलेत, त्याचा पेचकस साध्या हार्डवेअरच्या दुकानात नसतो पण मागवता येतो. आत साधे चार पाकळ्यांचेच आहेत. पडद्याच्या खालच्या कडेला एक चपटी पट्टी चिकटवलेली असते, तिचा चिकटा वर्षांनी सुटतो. सोल्डरिंग आयर्न बेताच्या उष्णतेवर ठेवून त्या पट्टीवरून अलगद फिरवलं, की गेलेल्या रेघा बहुतेक वेळा एकेक करून परत येतात.